शलोमीबाईंची सावड

डोंगराच्या पार माथ्यावर उंबरदरा नावाचं एक गाव होतं. तिथं जायला रस्ता नव्हता, नुसती पायवाट. आणि पायवाट तरी कसली! दोन ठिकाणी चक्क हात टेकून चढावं लागे. अशा त्या गावात एका सकाळी कोण आलं असेल? एक मास्तरीणबाई! वय अवघं एकवीस. नाव शलोमी उजगरे. पाठीवर वळकटी, काखेत पाट्यांचं गाठोडं, आणि तोंडानं प्रभूचं गाणं चाललेलं. बाई धापाही टाकत होत्या आणि गातही होत्या. आता बोला!

मिशननं त्या गावात नवी शाळा काढली होती. शाळा म्हणजे काय, तर कुडाच्या चार भिंती आणि वर गवताचं छप्पर. पण शलोमीबाईंना ती बघून असा काही आनंद झाला की विचारू नका. जिथं कुणी जात नाही तिथं जाऊन मुलांना शिकवायचं, हे त्यांनी लहानपणीच ठरवलं होतं. "प्रभू, माझे हात तुझ्या कामाला लाव," अशी प्रार्थना त्या रोज करत. पहिल्याच आठवड्यात गावची सगळी तेवीस मुलं शाळेत आली. एकही घरी राहिलं नाही! पाऊसकाळ संपेपर्यंत मुलं धडाधडा वाचायला लागली. बाईंनी सांगितलेल्या गोष्टी घरी जाऊन आजीला सांगायला लागली. शलोमीबाईंचे पाय जमिनीवर ठरेनात.

मग भाताची सोंगणी, म्हणजे कापणी आली आणि शाळेला सुट्टी लागली. आता या गावची एक रीत ऐका, कारण सगळा घोळ तिथंच झाला. उंबरदऱ्यात मजूर कुणी लावत नसे. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. याला म्हणायचं सावड. एखादा माणूस तुमच्याकडं एक दिवस राबला, की तुम्हीही त्याच्याकडं एक दिवस जायचंच. त्याला शेत नसेल तर त्याचं घर सारवा, लाकडं फोडून द्या, काय वाटेल ते करा, पण सावड फेडा. आणि ज्याला मदत हवी असेल त्यानं स्वतःच्या तोंडानं दारोदार हाक द्यायची, "सावडीला या हो!" त्यात कुणाला लाज वाटत नसे. आज याची पाळी, उद्या त्याची.

शलोमीबाईंनी विळा घेतला आणि सरळ शेतात उतरल्या. बुधाबाईच्या शेतात दोन दिवस, धावजीच्या शेतात दोन दिवस, असं करत करत त्या सगळ्या घरांकडं राबल्या. बुधाबाई म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. पाठ वाकलेली, पण जीभ ताठ! धावजी हा गावचा कारभारी. दोघांनी तोंडात बोट घातलं. शिकलेली बाई आणि शेतात? गाव खूश झालं.

सोंगणी संपली. लगेच दुसऱ्या दिवशी बुधाबाई दोन सुनांना घेऊन शाळेत हजर! डोक्यावर शेणाची पाटी.

"बाई, सरका. शाळा सारवायला आलोय."

"अहो आजी, नको!" शलोमीबाई हसून म्हणाल्या. "मी परतफेडीसाठी थोडंच केलं? प्रेमानं केलं. तुम्ही घरी जा, आराम करा."

बुधाबाई बघतच राहिली. पाटी उचलून गुपचूप परत गेली. मग धावजी लाकडांची मोळी घेऊन आला. बाईंनी ती परत पाठवली. कुणी दूध आणलं, कुणी नाचणीच्या भाकरी आणल्या. बाईंचं आपलं एकच पालुपद, "नको, नको, तुम्हालाच असू द्या." त्यांचे वडील त्यांना सांगत, गरिबाचं कधी काही घेऊ नये. ते सांगणं त्या अगदी निष्ठेनं पाळत होत्या. आणि खरं सांगू? पाळताना त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

सुट्टी संपली. शाळा उघडली. तेवीसपैकी अकरा मुलं आली. चार दिवसांनी पाच. मग एक. मग एकही नाही! बाईंना काही कळेना. त्यांना वाटलं, आपणच कुठं तरी कमी पडतोय. म्हणून त्या आणखी द्यायला लागल्या. स्वतःच्या साडीची झबली शिवून वाटली. ताप आलेल्यांच्या घरी जाऊन काढे दिले. लोक हात जोडून उभे राहत, पण नजर खाली. झबली तशीच दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर परत येत. नीट घडी घालून!

आता तुम्ही म्हणाल, कुणी सांगितलं का नाही त्यांना? अहो, सांगायचं कुणी? गावाला वाटलं, एवढी शिकलेली बाई, तिला का कळत नसेल? गावचा हिशेब सरळ होता. जी बाई आपलं घेत नाही, तिचं आपण कसं घ्यायचं? आणि शिकणं हेही घेणंच की! म्हणून मुलं घरी बसली. रडत बसली, पण बसली.

अशात मिशनचं पत्र आलं. तपासनीस शमुवेलराव गुरुवारी दुपारी शाळा बघायला येणार होते. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, 'विद्यार्थी नसल्यास शाळा बंद करावी व बाईंनी परत यावे.' शलोमीबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. परत जायचं? तेवीस मुलं सोडून?

संकट एकटं येतंय कशाला! बुधवारी असा वारा सुटला की शाळेचं अर्धं छप्पर उडून दरीत गेलं. गुरुवारी सकाळी बाईंनी कंबर कसली. म्हणाल्या, मुलं नसली तर नसली, साहेबांना छप्पर तरी धड दिसू दे. गवताच्या दोन पेंढ्या घेऊन एकट्याच शिडीवर चढल्या. कधी छप्पर शाकारलं होतं का त्यांनी? जन्मात नाही! वासा हातातून निसटला आणि बाई धाडकन खाली. घोटा बघता बघता सुजला.

बुधाबाई गवताचा भारा घेऊन तिथूनच चालली होती. तिनं भारा फेकला आणि धावत आली.

"लागलं का गं पोरी? पाय इकडं कर. तेल लावून चोळते."

"नको आजी! तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा?"

झालं! म्हातारीचा पारा चढला. "का? माझे हात वंगाळ हायेत?"

"तसं नाही हो. मी इथं सेवा करायला आले. करून घ्यायला नाही."

"वा गं वा!" बुधाबाई कमरेवर हात देऊन उभी राहिली. "माझी नात सांगत व्हती, तुमच्या प्रभूनं म्हणं शिष्यांचे पाय धुतले. खरं का?"

"खरं आहे."

"मग शिष्यांनी धुवून घेतले, का पाय मागं ओढून बसले?"

ही गोष्ट शलोमीबाईंनी शंभर वेळा सांगितली होती, पण हा प्रश्न त्यांना कधी सुचला नव्हता. "धुवून घेतले," त्या हळूच म्हणाल्या.

"मंग! तू साऱ्या गावाचे पाय धुतीस आन् सोताच्या पायाला कुणाला शिवू देत न्हाईस. आमचे हात काय नुसते पसरायलाच हायेत?"

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. परत गेलेली शेणाची पाटी दिसली, मोळी दिसली, लोकांच्या खाली गेलेल्या नजरा दिसल्या. ज्या माणसांनी कधी कुणापुढं हात पसरला नव्हता, त्यांना आपण भिकाऱ्यासारखं वागवलं! आणि वर त्याला प्रेम म्हणत राहिलो! त्यांनी मुकाट्यानं पाय पुढं केला. बुधाबाईनं तेल आणलं आणि रगडून रगडून चोळलं. बाई ओरडत होत्या आणि हसतही होत्या.

"आजी, आता काय करू? दुपारी साहेब येणार. शाळा बंद होईल."

"रीत ठाव हाये ना तुला? मग हाक दे. पण तुझ्याच तोंडानं. मी न्हाय देणार."

शलोमीबाई काठी टेकत, लंगडत निघाल्या. आजवर त्यांनी कुणाकडं काही मागितलंच नव्हतं. धावजीच्या दारातून दोनदा मागं फिरल्या. मग एकदाच्या म्हणाल्या, "धावजीदादा, सावडीला या हो. शाळेचं छप्पर उडालंय. मला एकटीला जमत नाही."

धावजीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "आल्यावर माघारी तर नाही ना धाडणार?"

"नाही धाडणार. माझं चुकलं, दादा. जेवढी सावड परत पाठवली, तेवढी सगळी आज मागायला आलेय."

धावजी वळून आत गेला. बाईंना वाटलं, संपलं सगळं. इतक्यात तो कमरेला कोयता लावून बाहेर आला, अंगणात उभा राहिला आणि दरी दणाणेल अशी आरोळी ठोकली, "चला रे! बाईंची सावड आली!"

आणि मग काय गंमत सांगू! घराघरातून माणसं बाहेर पडली. कुणाच्या खांद्यावर वासे, कुणाच्या डोक्यावर गवत, कुणाच्या हातात दोरखंड. गडी छपरावर चढले. बाया भिंती लिंपायला बसल्या. आणि मुलं? तेवीसच्या तेवीस पळत आली आणि बाईंना अशी बिलगली की बाई काठीसकट पडता पडता वाचल्या. बाईंना एका धोंड्यावर बसवलं आणि हातात दुधाचा तांब्या दिला. बाईंनी तो घटाघटा पिऊन टाकला. एकदाही नको म्हणाल्या नाहीत!

या सगळ्या धांदलीत घाम पुसत शमुवेलराव माथ्यावर आले. बघतात तर वर्ग नाही, फळा नाही, नुसता गलका. "अहो, ही शाळा आहे की बाजार?"

गलका थांबला. शलोमीबाई काठी धरून उठल्या. खोटं बोलायला जागा होती. आजचाच दिवस सुट्टीचा आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण बाई म्हणाल्या, "साहेब, खरं सांगते. महिनाभर शाळा रिकामी होती. एकही मूल येत नव्हतं. चूक मुलांची नाही, गावाचीही नाही. माझी आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून पत्राची नक्कल काढली. "मग बाई, माझा नाइलाज आहे. यात लिहिलंय..."

तेवढ्यात बुधाबाईची नात त्यांच्या कोपराखालून डोकावली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली, "विद्यार्थी नसल्यास शाळा बंद करावी!"

साहेब दचकले. "तुला वाचता येतं?"

"मला येतं, याला येतं, तिला पण येतं!" आणि तेवीस मुलांनी साहेबांना घेरलं. सगळ्यांनी मिळून ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत मोठमोठ्यानं वाचून काढलं. आपलीच शाळा बंद करायचं पत्र, आणि वाचतायत कशी, तर गाणं म्हटल्यासारखी!

छपरावरून धावजी ओरडला, "साहेब, विद्यार्थी नसल्यास म्हणता, मग हे काय हायेत? मोजून घ्या की!"

शमुवेलराव आधी गंभीर राहिले, मग त्यांचे ओठ हलले, मग पोट हललं, आणि मग ते खदखदून हसले. पत्राची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. "शाळा चालू राहील," ते म्हणाले. गावानं असा जल्लोष केला की झाडावरचे पक्षी उडाले. शलोमीबाई एका पायावर उड्या मारत होत्या!

साहेब परत निघाले तेव्हा बुधाबाईनं नव्या तांदळाचं गाठोडं त्यांच्यापुढं केलं. साहेब दोन पावलं मागं सरकले. "छे छे, नको. तुम्ही गरीब माणसं, तुमच्याकडून मी कसं..."

छपरावरचे हात थांबले.

"साहेब, घ्या," शलोमीबाई घाईघाईनं म्हणाल्या. "तुम्ही तांदूळ घेतले नाहीत, तर यांना तुमची शाळा घेता येणार नाही."

साहेबांनी बाईंकडं बघितलं. त्यांच्या सुजलेल्या, तेलानं चमकणाऱ्या पायाकडं बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली आणि म्हातारीपुढं वाकले. बुधाबाईनं गाठोडं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. एवढा मोठा अधिकारी, डोक्यावर गाठोडं सावरत पायवाट उतरायला लागला. आणि वरून तेवीस मुलं घसा फोडून ओरडत होती, "साहेब, सावड फेडायला परत या हो!"

तात्पर्य: आपण नुसतं देतच राहिलो तर घेणाऱ्याची मान खाली जाते, म्हणून मन भरून द्यावं, आणि कुणी प्रेमानं दिलं तर तितक्याच मोकळ्या मनानं घ्यावंही.