दगडी श्रोते

एका राज्यात गाण्याला कुलूप होतं. राजवीणावादक दंडपाणी सात दारांआडच्या दालनात डोळे मिटून वीणा छेडीत, आणि ऐकणाऱ्याने बोटही हलवायचं नाही, अशी रीत. जो निश्चल बसे, तो हळूहळू दगड होई. शापच होता तो. पण दंडपाणी खूश! "पाहा, काय तल्लीन श्रोते!" म्हणत दगडांवर अत्तर शिंपडीत. दाढी पिकली, अक्कल नाही पिकली.

राजा केव्हाच दगड झाला होता. मग विद्या अर्धी टाकून गेलेली शिष्या आरणी परतली. तिची आई पहिल्या रांगेत, कमरेपर्यंत दगड.

"आचार्य, माझी आई मरतेय."

"मरत नाही, ऐकते आहे. तू शिक्षण पुरं केलं असतंस तर कळलं असतं."

झुंबरावरची साळुंकी बोलली, "पोरी, आईचं मस्तक दगड व्हायच्या आत तीन कामं कर. दारं पाड. चौकात नाचणाऱ्या रंगावलीला आत आण. आणि तिच्या पायांकडे बघत वाजव."

आरणीने पहार घेतली. सातवं दार पडलं तेव्हा आईची छाती दगड झाली होती. रंगावली आली, तिच्यामागे सगळा बाजार आला.

"इथं चपला काढायच्या का गं?" एका कोळणीने विचारलं.

दंडपाणी गरजले, "घुंगरू? या दालनात?"

"तुमचे श्रोते काही तक्रार करणार नाहीत," आरणी म्हणाली आणि तिने वीणा ओढून घेतली. पण सूर लागताच इथल्याच सवयीने तिचे डोळे मिटले. रंगावलीचा ताल चुकला. आईचा गळा दगड झाला.

"डोळे उघड की भवाने! नाच काय भिंतीला दाखवू?"

तिने डोळे उघडले. पाय थबकला तिथे सूर थांबला; पाय धावला तशी तार धावली. कोळणीने टाळीचा ठेका धरला. आईच्या अंगठ्याला तडा गेला, मग राजाच्या गुडघ्याला, मग रांगच्या रांग तडतडत उठली.

"मेला पाय!" आई म्हणाली. "केव्हाचा हलवावासा वाटत होता. पण म्हटलं, आचार्य रागावतील."

राजाने पहिलीच आज्ञा केली: दारं पुन्हा बसवायची नाहीत.

"विटंबना!" दंडपाणी ओरडले. "आता निश्चल बसून ऐकणारा उरला कोण?"

"तुम्ही," आरणी म्हणाली. "बसा खाली. मधूनमधून पाय हलवत जा."

म्हातारा बसला. नाच रंगला, कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याने हळूच अंगठा हलवला. त्या राज्यात त्यानंतर कुणी दगड झालं नाही.