सर्दी झालेली मुंगी

एकेकाळी एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कोळी मुंगी बनून राहायचा. तिथली पाल मुंग्यांच्या वाटेला जात नसे, कोळी दिसला की मात्र गट्ट करी. म्हणून हा पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून मुंग्यांच्या रांगेलगत चाले.

"मावशी, तू वास घ्यायला कुणाच्याच मिशांना मिशा का लावत नाहीस?" चिंगी नावाच्या छोट्या मुंगीने विचारलं.

"सर्दी झालीय गं."

तेवढ्यात वरून साखरेचा मोठा खडा चिंगीच्या अंगावर घरंगळत आला. कोळ्याने चटकन त्या मिशांनीच तो अडवला. रांग थबकली.

"अय्या, हे तर पाय! एकूण आठ!"

म्हातारी मुंगी पुढे आली. तिने वर पाहिलं. दिव्यामागून पाल टक लावून बघत होती.

"मिशा वर कर, बाई," ती हळूच म्हणाली, "आणि चल रांगेत."