मोडोबाने हात आवरला

अनसूयाबाईंच्या डाव्या स्तनात पेशींची एक वस्ती होती. त्यातल्या एका पेशीच्या घरात मोडोबा नावाचं प्रथिन राहायचं. घरातलं जुनं, कुजकं सामान मोडायचं आणि त्यातून पुन्हा खायच्या-बांधायच्या कामी येईल ते काढायचं, हे त्याचं काम. काम गरजेचं होतं. पण मोडणाऱ्याला कोण जवळ करतो? घरातले बाकी सगळे गोल करून जेवत आणि मोडोबा बाजूला. त्याच्याशी कुणी दोन शब्द बोलत नसे. बिचाऱ्याला फार एकटं वाटे.

घराचे कर्ते केंद्रकराव. एक दिवस त्यांचं डोकं फिरलं. एका घराची दोन, दोनाची चार करत ते सुटले आणि शेजाऱ्यांच्या अंगणात घुसले.

"धनी, आता पुरे," मोडोबा म्हणाला.

"तुला विचारलंय कुणी?" त्यांनी त्याला गप्प केलं. काही काळाने अनसूयाबाईंच्या हाताला गाठ लागली.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि सगळ्या घरांची रसद तुटली. आता मात्र केंद्रकराव स्वतः मोडोबाकडे आले. "मोडोबा, तुमच्याशिवाय आमचं आहे कोण? जुनं मोडा, आम्हाला जगवा."

जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी 'तुम्ही' म्हणालं होतं. त्याने घरोघरचं जुनं मोडलं, सगळ्या घरांतले पोटभर जेवले. त्याला मधोमध पाट मिळाला, थट्टामस्करी झाली. मोडोबाला वाटलं, हे असंच चालू दे, बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

तेवढ्यात अनसूयाबाईंचा आवाज आला. त्या बहिणीला सांगत होत्या, "इंदू, इतकी सलाइनं घेतली, केस गेले, पण गाठ काही हलत नाही गं. माझं कसं व्हायचं?"

मोडोबाच्या लक्षात आलं: गाठ जगत होती ती त्याच्याच हातच्या अन्नावर. त्याने हत्यार खाली ठेवलं.

"मोड!" केंद्रकराव ओरडले. "घर कोसळलं तर तूही मरशील. तुझ्यासाठी रडायला तरी कोण आहे?"

"कुणी नाही," मोडोबा म्हणाला आणि पाटावरून उठला.

घरं उपाशी पडली, एकेक करून खचली. मोडोबाचं घरही त्याच्यासकट कोसळलं; शेवटपर्यंत त्याच्याजवळ कुणी फिरकलं नाही. पुढच्या तपासणीत गाठ निम्मी झाली होती. "इंदू, औषध लागू पडलं बघ!" अनसूयाबाई म्हणाल्या. मोडोबाचं नाव त्यांना कधी कळलंच नाही.

तात्पर्य: एकट्याला मान फार गोड लागतो, पण तो कशासाठी मिळतोय ते पाहावं, आणि त्याने वाईट पोसलं जात असेल तर एकटं राहणं पत्करावं.