अवसेची भरती

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

गाव होतं खाडीकाठी. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक बांध. बांध टिकला तर वर्षभराचं भात, फुटला तर शेतात खारं पाणी. म्हणून गावाची रीत होती: पुनवेला आणि अवसेला, दुपारच्या भरतीआधी, घरटी एकाने टोपलीभर चिखल घेऊन बांधावर यायचं आणि पाणी ओसरेपर्यंत राखण करायची. का, ते कुणी विचारत नसे.

गावचा मुखिया मात्र विचार करणारा. त्याने बरेच महिने पुनवेच्या रात्री चंद्राकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि त्याला उमगलं की समुद्राला चंद्र ओढतो. खरंच होतं ते! पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला कितीसा वेळ लागतो?

पुढची अवस आली तशी त्याने दवंडी पिटवली, "पुनवेला चंद्र मोठा, म्हणून पाणी मोठं. अवसेला चंद्रच नाही, तर ओढणार कोण? आज राखण बंद!"

लोक खूश. चिखलात हात घालायची हौस कुणाला होती?

एकटी त्याची विधवा भावजय तेवढी दारात आली. बांधाला लागून तिचं एकुलतं एक शेत, भात नुकतं पोटरीला आलेलं.

"भाऊजी, खेकड्यांनी बांध पोखरलाय. आजच्या दिवस माणसं पाठवा हो."

"वहिनी, आकाशात चंद्र दाखवा, अख्खं गाव पाठवतो!" मुखिया हसला. ओसरीवरची माणसंही हसली.

ती एकटीच टोपली घेऊन गेली. एक भोक बुजवावं, तर दुसऱ्यातून पाणी येई. ऊन डोक्यावर आलं आणि भरती अशी चढली की तिच्या डोळ्यांदेखत बांध खचला. गाव धावत आलं, तोवर शेतंच्या शेतं बुडाली होती.

मुखिया गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा होता. "पण वहिनी, आज चंद्र नव्हता हो!"

"परवा पहाटे कोर पाहिलीत ना, सूर्याच्या जरा आधी उगवलेली?" तिने सूर्याकडे बोट दाखवलं. "ती आज जाईल कुठे? सूर्याच्या शेजारीच आहे, उजेडात दिसत नाही एवढंच. आज दोघं मिळून ओढताहेत, भाऊजी."

मुखियाला रडू फुटलं. "माझ्या कणगीतलं भात न्या, वहिनी."

"नेईनच. पण या मातीतलं मीठ कोण काढणार?"

पुढे दर अवसेला मुखिया सगळ्यांच्या आधी बांधावर येऊ लागला, पण त्या शेतांत कितीतरी पावसाळे गवताची काडीसुद्धा उगवली नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं कधी समजू नये.