सुपारीएवढे पाळणे

केवड्याच्या बनापलीकडे, डोंगराच्या कुशीत, बुरडांची चार घरं होती. त्यातल्या सगळ्यात चिमुकल्या घरात तेरा वर्षांची शेवरी आपल्या आबांबरोबर राहायची. ती तान्ही असतानाच तिची आई गेली होती. आबा सुपं आणि टोपल्या विणायचे, आणि त्यांची वीण एवढी घट्ट की टोपलीतून राळ्याचा दाणाही गळत नसे. पण त्या वर्षी बांबू फोडताना कोयता निसटला आणि आबांचा उजवा तळवा चिरला. जखम चिघळली, हात भोपळ्यासारखा सुजला. टोपल्या थांबल्या. चूल आधी एक वेळ पेटायला लागली, मग एक दिवसाआड.

एका सकाळी जखमेवर बांधायला पाला हवा म्हणून शेवरी बनात गेली. झऱ्याकाठी गवतावर दवाचे मोती लुकलुकत होते. तिथेच तिला बारीकसं रडणं ऐकू आलं. वाकून पाहते तर ओल्या पानावर मोगऱ्याच्या कळीएवढं बाळ कुडकुडत पडलेलं. पाठीला इवलेइवले पंख, मिटलेल्या पाकळ्यांसारखे. शेवरीने त्याला ओंजळीत घेतलं, फुंकर घालून ऊब दिली, आणि गवताच्या चार काड्या विणून त्याला सुपारीएवढा पाळणा केला. बाळ झोपलं.

तेवढ्यात झऱ्यावर निळी-सोनेरी झिलई पसरली आणि पाण्यातून एक वीतभर परी वर आली. तिचं नाव दवली. बाळ तिच्या धाकट्या बहिणीचं होतं. चतुरासारखे तिचे पंख ऊन पडलं की सात रंगांनी झळाळत. तिने शेवरीच्या घरची सगळी हकिकत विचारून घेतली.

"शेवरी, माझ्याकडे फुकट द्यायला काही नाही," ती म्हणाली. "वनराणीच्या भांडारातून मी तुला तीन इच्छा उसन्या आणून देऊ शकते. पण उसनं फेडावं लागतं. नियम नीट ऐक."

नियम असे होते. एका इच्छेचे सात पाळणे, असेच सुपारीएवढे, शेवरीने स्वतःच्या हाताने विणलेले. येत्या पौर्णिमेपर्यंत ते पोचायला हवेत, कारण त्यानंतर थंडी पडते आणि परीबाळं गारठतात. आणि दिवस चुकला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शेवरीचा एक रंग जाईल. सातवा रंग गेला की ती कुणालाच दिसणार नाही.

पहिले दोन नियम शेवरीने ऐकले. तिसरा चालू होता तेव्हा तिची नजर त्या पंखांवर होती आणि मन आबांच्या हातापाशी. ती हो म्हणाली.

ती घरी पोचली तेव्हा आबा अंगणात उभे राहून तळहाताकडे बघत होते. जखमेच्या जागी नुसती रेघ उरली होती.

शेवरीने तीन दिवसांत तीन पाळणे नेऊन दिले. मग गावची जत्रा आली. मैत्रिणींना नवे कपडे आले, आणि शेवरीच्या परकराला मात्र ठिगळावर ठिगळ. ती पुन्हा झऱ्यावर गेली. दवलीने हळूच विचारलं, आधीचे चार बाकी आहेत, झेपेल का तुला? शेवरीने झेपेल म्हणून सांगितलं. संध्याकाळी तिच्या अंगावर हिरवागार रेशमी परकर होता, काठाला चांदण्या.

जत्रेत ती मिरवली. नंतरही मिरवतच राहिली. बांबूच्या कामट्या कोपऱ्यात वाळत पडल्या. आज राहू दे, उद्या करू, असं म्हणता म्हणता पौर्णिमा आली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातली हळद राखेसारखी दिसली. शेवरीला वाटलं, हळद जुनी झाली असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी जास्वंद पांढरी पडली. तिसऱ्या दिवशी तिने परकर काढला तर तो शेणकुटाच्या राखेच्या रंगाचा. चांदण्या विझलेल्या. आणि मग तिला तो अर्धवट ऐकलेला तिसरा नियम आठवला.

बनातून चांदीच्या घंटेचा किणकिण आवाज येत होता. दवली बोलावत होती. शेवरीने कानात कापूस घातला. पाण्याला जायची वाट बदलली. परी दिसलीच नाही तर ती काही मागणारही नाही, असं तिने स्वतःला समजावलं. घंटा रोज सकाळी वाजायची आणि शेवरी गोधडीत अंग चोरून पडायची. चौथ्या दिवशी आभाळ धुरकट झालं. विहिरीवर तिची मैत्रीण सरळ तिच्या अंगावर येऊन आदळली आणि, अगं, तू होतीस होय, म्हणून गोंधळून निघून गेली.

पाचव्या दिवशी नारिंगी रंग गेला. चुलीतला जाळही राखेसारखा दिसू लागला. शेवरी भाकरीचं ताट घेऊन आबांसमोर उभी राहिली. आबांची नजर तिच्यावरून गेली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"शेवरे, कुठं आहेस गं?" त्यांनी हाक मारली.

ती हातभर अंतरावर होती. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले, डोळे बारीक करून बघत राहिले, आणि ओशाळून म्हणाले, "माझे डोळे गेले वाटतं, पोरी. हात बरा झाला तर आता हे."

दोष तिचा होता, आणि आबा तो स्वतःकडे घेत होते. भीती होतीच, पण आता ती भीतीच तिला घरात बसू देईना. ताट खाली ठेवून ती बनाकडे पळाली.

झऱ्याकाठी दवली बसली होती. तिचे पंख जुन्या कागदासारखे करडे झाले होते आणि ते हलत नव्हते. आजूबाजूला परीबाळं उघड्या पानांवर एकमेकांना बिलगून कुडकुडत होती. वनराणीपाशी शेवरीला जामीन दवली राहिली होती. शेवरीचा एक रंग गेला की दवलीचाही एक जात होता.

आता ती शाप देईल, असं शेवरीला वाटलं. तिने मान खाली घातली.

"परीताई, मी चुकले," ती म्हणाली. "सगळे पाळणे एकदम द्यायला नाही जमणार. रोज एक देईन. आजपासून."

दवली तिच्याजवळ सरकली. "घंटा मी तुला धरून न्यायला वाजवत नव्हते गं," ती म्हणाली. "मुदत वाढवून मिळते, हे सांगायला वाजवत होते. पण ती मागायला यावं लागतं."

बाकी अकरा पाळण्यांची होती. परकर शेवरीने घरून आणून परत दिला, पण तो वापरलेला, म्हणून त्याचे सातांऐवजी तीनच पाळणे वजा झाले. गेलेल्या पाच रंगांचे पाच वाढले. एकूण तेरा उरले.

त्या संध्याकाळी शेवरीने आबांना सगळं खरं सांगितलं. आबा कोयता घेऊन अंगणात बसले. वीण तुझीच हवी, म्हणाले, कामट्या मी तासून देतो. केसाएवढ्या बारीक कामट्या त्यांनी तासल्या आणि शेवरी विणत बसली. बोटं चिरली, चिंध्या बांधून ती विणत राहिली. मधे एक दिवस तापाने फणफणली. रोजचा पाळणा चुकणार या धास्तीने रडली, आणि रडत रडत तो पुरा केला. आठ पाळण्यांपर्यंत काहीच बदललं नाही. नवव्या दिवशी चुलीत नारिंगी जाळ दिसला. मग आभाळ निळं झालं, पोपट हिरवे झाले, जास्वंद लालचुटुक झाली. तेराव्या सकाळी हळद पिवळीधमक होऊन तिच्या बोटांना लागली.

त्या दिवशी शेवरीने झऱ्यावर एकाऐवजी दोन पाळणे ठेवले, तेरावा आणि चौदावा. आदल्या दिवशी आणखी एक बाळ जन्मलंय असं दवली बोलताबोलता म्हणाली होती. चौदावा त्याचा होता. कुणी मागितलेला नव्हता.

दवलीने पंख झटकले. त्यांतून सातही रंग उधळले.

"तुझी एक इच्छा अजून बाकी आहे," ती म्हणाली.

शेवरीने आधी विचारलं, "त्याचे किती पाळणे?"

दवली हसली, पहिल्यांदाच. "नेहमीचेच सात. हवी का, ते थोडा विचार करून सांग."

शेवरीने विचार केला आणि मान हलवली. आता मला उसनं काही नको, परीताई, असं ती हळू आवाजात म्हणाली.

तेव्हा दवलीने तिच्या चिंध्या बांधलेल्या बोटांवर आपलं इवलंसं कपाळ टेकवलं. बोटांमधून एक झळाळी उमटली. ती सोन्याची नव्हती, मोरपिसाची नव्हती, माणसांच्या भाषेत तिला नावच नव्हतं. आता शेवरी जे विणेल त्यात ती झळाळी उतरणार होती. "हे उसनं नाही," दवली म्हणाली. "हे तुझं."

झरा उजळला, केवड्याचं पान न् पान उजळलं, पाळण्यांतली सगळी बाळं प्रकाशात तरंगत वर गेली, त्यांच्यामागे दवली गेली, आणि शेवरीने दिपलेले डोळे उघडले तेव्हा बनात नुसतं ऊन होतं, आणि ती त्या उन्हात उभी होती, कुणाचंही काहीही देणं नसलेली.