उरलेला अधिकार

"...मग उरलेला अधिकार कुणाकडे ठेवायचा, माई? मूळ मठाकडे की शाखांकडे?"

निरंजनने मसुदा पुढे सरकवला.

अनसूयामाईंच्या मठाला सात शाखा. अलीकडे त्यांच्यात कुरबुरी वाढल्या होत्या. माई थकल्या होत्या, म्हणून नियमावली लिहायचं काम त्यांनी या लाडक्या शिष्यावर सोपवलं होतं. देशोदेशीच्या राज्यघटना अभ्यासून तो नुकताच परतला होता.

"उरलेला म्हणजे रे?" माई शेंगा सोलत होत्या.

"कुठल्याच यादीत न लिहिलेला. अमेरिकेत तो राज्यांकडे. कॅनडात केंद्राकडे, आपल्याकडेही केंद्राकडेच. जर्मनीत तर बरेचसे कायदे केंद्र करतं आणि राबवतात राज्यं."

"आणि तू?"

"मी मूळ मठाकडे ठेवलाय. नाहीतर तुमच्या मागे सगळं..."

माईंनी सोललेले दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"खा. किती वाळलास शिकून शिकून."

तेवढ्यात पुंजाबा आत आला. देवपाणीच्या शाखेचा प्रमुख. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"माई, काल डोंगर खचला. माणसं वाचली, घरं गेली. दोनशे जण मठात आलेत."

निरंजनने घाईने पानं उलटली.

"शाखेचं कोठार उघडायची परवानगी हवी ना? बाविसावं कलम आहे. माई आत्ता सही करतील."

पुंजाबाने मान खाली घातली.

"कोठार कालच उघडलं, दादा."

"न विचारता?"

"लेकरं उपाशी होती..."

निरंजनने बाविसाव्या कलमावरचं बोट काढून घेतलं. त्याने हळूच विचारलं, "मग आता कशासाठी आलात?"

"आजच्यापुरतंच धान्य उरलंय. उद्याचं आमच्याच्यानं होणार नाही. म्हणून माईंकडे आलो."

माई केव्हाच उठल्या होत्या. काठी टेकत त्या मागच्या खोलीत गेल्या. पुंजाबा गाडी दाराशी लावायला धावला.

निरंजन कागद घेऊन माईंच्या मागोमाग गेला. त्या तांदळाच्या पोत्यावर वाकल्या होत्या.

"माई, असं पुन्हा घडलं तर? हे मी कुठल्या कलमात बसवू? हा अधिकार त्यांचा म्हणू की आपला?"

माईंना धाप लागली होती. तरी त्या हसल्या.

"कागद ठेव खाली... आणि ते टोक धर."