क्षेमावतीचा पाठराखा

एका राज्यात एक राजा होता, आणि तो दर वर्षी वीतभर दगड होत होता. पहिल्या वर्षी पावले गेली, मग पोटऱ्या, मग गुडघे. सातव्या वर्षी दगड गळ्याशी आला. राजा दरबारात उभाच असे, कारण बसणार कसा? कारभार तेवढा तोंडाने चाले, आणि राजवैद्यांनी सांगून ठेवले होते की येत्या दसऱ्याला तोंडही मिटेल.

हे कशाने झाले ते सगळ्या राज्याला ठाऊक होते, पण मोठ्याने कोणी बोलत नसे. मी बोलतो.

तलावापलीकडच्या डोंगरात भस्मकेतू नावाचा जादूगार राही. त्याच्या गुहेत एक लाल रत्न होते. त्याचा नियम असा, की न्यायला दोघांनी यावे. एकाने रत्न न्यावे, दुसऱ्याने ओलीस म्हणून शिळेवर बसावे, आणि तिसऱ्या सूर्यास्ताच्या आत रत्न परत यावे. राजाला हौस आली, प्रजेला रत्न दाखवावे. तो आपला पाठराखा यमाजी याला घेऊन गेला. पाठराखा म्हणजे राजाच्या डावीकडे बसणारा, राजा पडला तर गादी सांभाळणारा. यमाजी शिळेवर बसला, राजा रत्न घेऊन नगरात आला. हत्ती झुलले, फुले उधळली, पंगती उठल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. यमाजी बसल्या जागी दगड झाला, रत्न आपण होऊन उडून गुहेत गेले, आणि राजाची पावले जड झाली.

यमाजी परत आलेला नाही, हे नगराच्या लक्षात आले आठव्या दिवशी. फार शांत माणूस होता बिचारा. मला या गोष्टीचा अजून राग येतो.

भस्मकेतूने निरोप धाडला होता: "राजाच्या रक्ताचे कोणी पाठराखा घेऊन येवो. रत्न राजाच्या छातीला लागो आणि वेळेत परत येवो. मग शाप फिटेल. चुकलात तर जो ओलीस, तोही दगड आणि राजाही दगड."

राजाला एकच लेक, क्षेमावती. रूपाने बेताची, बोलायला मोजकी. सात वर्षे ती गावोगावचे वैद्य शोधत हिंडली, आणि सगळ्यांनी हात टेकले तेव्हा म्हणाली, "मी जाते."

आता पाठराखा निवडायचा होता. त्या नगराच्या चौकात एक काळा रांजण होता. जयजयकार झाला की तो आवाज त्यात पाण्यासारखा साठे. ज्याच्यासाठी रांजण अधिक भरेल तो मोठा पाठराखा, असे ते लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. नुसत्या आवाजावरून माणूस पारखावा, ही अक्कल त्यांना कोणी दिली देव जाणे.

प्रथम झुंजारसेन आला. निळ्या उडत्या घोड्यावरून त्याने कळसाला तीन घिरट्या घातल्या, आभाळात भाला फेकला आणि खाली येताना तो दातांत झेलला. रांजण भरून वाहिला. गल्लीतून जयजयकाराचा लोंढा गेला आणि कोणाची तरी गाय दावे तोडून पळाली.

मग गोंदाजी नावाडी आला. त्याने हात जोडले आणि उभा राहिला. आणखी काय करायचे असते हे त्याला ठाऊक नव्हते. रांजणाच्या तळाशी एक टाळी पडली. ती एका म्हातारीची होती, आणि आपण कशासाठी जमलो आहोत हे तिला नीट समजलेले नव्हते.

"गोंदाजी," क्षेमावती म्हणाली.

प्रधान घाईने पुढे आला. "राजकन्ये, आपण शांत स्वभावाच्या. जोडीला तेज हवे. हा घेतलात तर लोक पेंगतील."

"पेंगू द्या."

"याच्यात पाहिलेत तरी काय?"

"सात वर्षे मी याच्या नावेतून नदी ओलांडते आहे. पैलतीरी शेवटचा माणूस उभा असेपर्यंत हा घरी गेलेला मी पाहिला नाही."

झुंजारसेन हसला. मनाने दिलदार होता तो. "राजकन्ये, मला राग नाही. पण वाटेत कंटाळाल."

"कंटाळेन," ती म्हणाली.

दोघे निघाले. पहिले संकट जागत्या तलावाचे. त्या तलावाचे पाणी वल्ह्याचा ठेका ऐके, आणि ठेका चुकला की नाव गिळून टाकी. तीन प्रहर वल्हवायचे होते. पहिल्या प्रहरातच क्षेमावतीचे हात गळाले. गोंदाजी वल्हवत राहिला. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांना पलीकडे नेताना त्याचा चेहरा जसा असे, तसाच तेव्हाही होता. तलाव ऐकता ऐकता झोपी गेला.

दुसरे संकट वाचाळ वनाचे. तिथले पक्षी बोलत, आणि त्यांना उत्तर देणाऱ्याला पंख फुटून तो त्यांच्यातलाच होई. "गोंदाजी, तुला एकच टाळी पडली!" पक्षी ओरडले. गोंदाजीने मान डोलावली. खरेच होते ते. मग ते क्षेमावतीकडे वळले. "यमाजीला विसरलेल्याची लेक! तूही विसरशील!" हे तिच्या काळजाला झोंबले. तिने तोंड उघडले, मनगटावर एक पीस उगवलेही, तोच गोंदाजीने तिच्या तोंडावर हात ठेवला. नावाड्याने राजकन्येच्या तोंडावर हात ठेवावा, असे त्या राज्यात कधी घडले नव्हते. वन संपल्यावरच त्याने हात काढला आणि खाली पाहून म्हणाला, "क्षमा असावी."

"ते पीस उपटून टाक," ती म्हणाली.

तिसरे संकट गुहेत होते. एका शिळेवर यमाजी दगड होऊन बसलेला, डोळे वाटेकडे लावून. शेजारची शिळा मोकळी. भस्मकेतू म्हणाला, "कोण बसते?"

"मी," गोंदाजी म्हणाला.

"नाही," क्षेमावती म्हणाली. "पाठराख्याला बसवून राजा गेला, ते एकदा झाले. मी बसते."

"बाईसाहेब, मी वाटेत मेलो तर?"

"तर आपण दोघेही गेलो. पण तू पोचलास आणि मीच जगले नाही, तर गादी तुझी. राज्याला सांभाळ. त्यासाठीच तुला निवडले. माझ्या शेजारी शोभावास म्हणून नाही."

आणि ती बसली. गोंदाजीने रत्न पदरी बांधले. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. उसंत घ्यायला क्षणही नव्हता.

तो वनातून मुकाट्याने गेला, तलावावरून ठेक्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दरबारात पोचला. रत्न राजाच्या छातीला लागताच दगडाचे पापुद्रे सुटले. राजाने सात वर्षांनी पाऊल उचलले. मग नगराला भान कसले राहणार! हजारो तोंडांनी गोंदाजीचे नाव घेतले. रांजण भरला, वाहिला, चौक बुडाला. खोटे कशाला सांगू, गोंदाजीला ते गोड लागले. जन्मात एक टाळी मिळालेला माणूस तो. क्षणभर डोळे मिटून त्याने ते ऐकले.

प्रधान म्हणाला, "रथ सज्ज आहे. एवढी मिरवणूक होऊ दे. महाराज उभे राहिले, शाप फिटलाच म्हणायचा. राजकन्येला उद्या सैन्य पाठवून आणू."

गोंदाजीने डोळे उघडले. "मला उशीर होतोय," तो म्हणाला.

त्या गलक्यात कोणाला ऐकू गेले नाही. लोक त्याला खांद्यावर घ्यायला धावले, वाट बुजली. तेव्हा झुंजारसेन रिकिबीत उभा राहिला आणि त्याने अशी गर्जना केली की छपरावरची कौले थरथरली, "वाट द्या!" त्याचे मात्र सगळ्यांनी ऐकले. राजा अडखळत दारापर्यंत आला आणि म्हणाला, "मी थांबलो होतो. तू थांबू नकोस."

तिकडे गुहेत तिसरा दिवस कलला. शिळेवर बसल्यापासून चढत आलेला दगड क्षेमावतीच्या गळ्याशी पोचला होता. भस्मकेतू म्हणाला, "तो येणार नाही. तुझा बाप आला नव्हता."

"तो माझा बाप नाही," क्षेमावती म्हणाली.

सूर्य अर्धा बुडालेला असताना गोंदाजी आत आला. तळहात सोलवटले होते, धाप लागली होती. त्याने रत्न जागेवर ठेवले आणि शिळेपाशी मटकन बसला. भस्मकेतूने एकदा रत्नाकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिले, वाकून नमस्कार केला आणि राख होऊन जमिनीवर पसरला. क्षेमावतीचे हात मोकळे झाले. शेजारच्या शिळेवर यमाजीने पापणी लववली.

तिघे नावेतून परतले. तलावाकाठी राजा उभा होता. गोंदाजी गेल्यापासून तीन दिवस तो बसला नव्हता. नाव टेकायच्या आधीच तो गुडघाभर पाण्यात उतरला. यमाजीने त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि विचारले, "महाराज, सूर्य मावळला का?"

"मावळला, यमाजी. सात वर्षे झाली."

यमाजीने मागे वळून डोंगराकडे पाहिले. मग म्हणाला, "मी वाटच बघत होतो."

राजा सगळ्या नगरादेखत रडला, आणि यमाजीला स्वतः हाताला धरून त्याने किनाऱ्यावर आणले. त्याच आठवड्यात त्याने क्षेमावतीला गादीवर बसवले आणि तिच्या डावीकडे गोंदाजीला. झुंजारसेनाकडे सैन्य आले, आणि ते त्याला शोभलेही. पुढे चाळीस वर्षे राज्य इतके सुरळीत चालले की सांगायला दुसरी गोष्टच उरली नाही. ऐकणाऱ्यांनो, तुमची जिथे कोणी वाट बघत असेल, तिथे तुम्ही सूर्य मावळायच्या आत पोचा.